सफेद्यात बसवलेला पंखा

दादा गेला त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी तो सायकलवरून नदीवरच्या मोटारीकडे गेला. मोटारीला करंट उतरला होता. दहाच्या सुमारास शेजारचे महादूकाका निरोप घेऊन आले. दुपारी त्याला घरी आणलं आणि दिवस मावळायच्या आत नेलं. त्यानंतर घरात आम्ही तिघं होतो. अण्णा, अक्का आणि मी.

अण्णा म्हणजे माझे वडील, अक्का म्हणजे आई. घरातले धाकटे दीर तिला अक्का म्हणत. त्यांचं ऐकून आम्ही भावंडंही तेच म्हणायला शिकलो, आणि दीर वेगळे होऊन आपापल्या घरी गेले तरी तिचं नाव तेच राहिलं. उचगावच्या कडेला आमचं घर होतं. मागे ऊस, एका अंगाला महादूकाकांचा म्हशींचा गोठा, दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेड. पहाटे चरवीत पडणाऱ्या धारांच्या आवाजानं मला जाग यायची. मग अक्काच्या पळीचा आवाज, मग बंबात पडणाऱ्या चिपाडांचा तडतडाट. घरात अक्काचे नियम चालत. पाणी गाळून घ्यायचं, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही. आम्ही जैन, पण भाऊबंदांमध्ये हा शेवटचा नियम बऱ्याच घरांतून सैल झाला होता. अक्काकडे तो सैल झाला नाही. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या फळीवरच्या पितळी डब्यांना लागलं की ताटं मांडली जात. थंडीच्या दिवसांत कॉलेजातून सायकल मारत घरी यायला मला जरा उशीर झाला, तर मी उपाशी झोपायची. त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे, मलाही नाही. आज एकटी राहते, रात्री कुणी बघायला नाही, तरी अंधार पडल्यावर घास उतरत नाही.

दादाचं नाव अजित. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिक्षणात त्याचं मन रमलं नाही, पण हातात पाना आला की तो वेगळाच माणूस होई. हे सगळं तो नदीवर शिकला. नदीतून शेतापर्यंत पाणी आणायचं म्हणजे मैलभर पाइप, त्याचे सांधे, मोटार, आणि दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे गळती. ती थांबवायला तिथली माणसं सफेदा वापरत. जवसाच्या तेलात कालवलेली ही पांढरी लगदी तागाच्या सुताबरोबर सांध्यात भरायची, वर घट्ट आवळायचं. वाळली की तिचा दगड होतो. दादाचा या सफेद्यावर फार विश्वास होता. जे गळू नये, जे सुटू नये, त्याला सफेदा, असा त्याचा सरळ हिशेब.

शेडमधली जीप त्यानं कागलच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. खताच्या पोत्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळं तिच्यातून यायचं. एका पावसाळ्यात तो गगनबावड्याकडे गेला असताना वाटेत इंजिनच्या पंख्याचे बोल्ट ढिले झाले, पंखा पुढच्या रेडिएटरला जाऊन घासला आणि जीप घाटमाथ्यावरच्या पावसात रात्रभर उभी राहिली. अक्का रात्रभर सोप्यात बसून होती. सकाळी तो आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुन्हा असं सुटणार असलं तर ती गाडी मोड." तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पंखा काढून पुन्हा बसवला, आणि बसवताना पाइपाच्या सांध्याला भरतात तसा सफेदा भरला. गाडीच्या पंख्याला सफेदा लावणारा माणूस मी नंतर कुठे पाहिला नाही, कुणाकडून ऐकलाही नाही.

महादूकाका कुंपणावर हात टेकून हे बघत होते. त्यांचा आवाज असा की गोठ्यात बोलले तरी आमच्या देवघरात ऐकू यावं.

"आरं अजित, ही जीप हाय का नळ?"

"काका, थोडा तुमच्या म्हशीच्या दाव्यालाबी लावू काय? सारखी सुटून आमच्या उसात येती."

"लाव की! फकस्त धार काढताना माझा हात चिकटाय नगं."

दादा शेडमध्ये काम करत असला की मी पेंडीच्या पोत्यावर पुस्तक घेऊन बसलेली असे. दादाला हत्यारं देणं हे माझं काम. "नंदे, अर्धा इंची," म्हटलं की पानावरची नजर न काढता मी हात लांब करायची आणि बरोबर तोच पाना त्याच्या हातात पडायचा. याचा त्याला मोठा अभिमान होता. माझ्या कॉलेजातल्या मार्कांपेक्षा जास्त.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी जीप पुन्हा उघडलेली होती. पंख्यामागे पाण्याचा पंप असतो, तो गळत होता. दादानं रेडिएटर काढून भिंतीला टेकून ठेवला. नवा पंप खोक्यासकट फळीवर आणून ठेवला. आधी पंखा निघाला पाहिजे, मग त्याच्यामागचा पंप. जेवताना तो अण्णांना म्हणाला होता, "उद्या पंखा काढतो. परवा गाडी दारात उभी करतो बघा." अण्णांनी मान हलवली होती. ते जेवताना बोलत नसत.

दिवस झाले, पाहुणे गेले. येणाऱ्या बायका अक्काला जवळ घेऊन "रड बाई, रड" म्हणायच्या. ती रडली नाही. ती कुणाशी बोललीही नाही. भाकरी थापायची, पाणी गाळायची, देवळात जाऊन यायची. शेडकडे उघडणारं मागचं दार मात्र तिनं आतून कडी घालून बंद केलं आणि चिपाडं आणायलासुद्धा ती पुढून वळसा घालून जाऊ लागली. बॉनेट वर केलेली, पुढचा भाग रिकामा झालेली ती जीप शेडमध्ये तशीच होती.

कागलचे मामा, अक्काचे धाकटे भाऊ, तेवढे मागे राहिले होते. मोठ्या आवाजाचे, लगेच हात उचलून कामाला लागणारे. त्यांनी सोप्यात अण्णांना सांगितलं, "दाजी, पुढच्या रविवारी ट्रॅक्टर घिऊन येतो आणि ती गाडी भंगारात टाकतो. असं तोंड वासून दारात पडल्यालं अक्कानं किती दिस बघायचं?"

अण्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "पंप आणून ठेवलाय त्यानं," ते म्हणाले. "तेवढा बसवतो. मग चालवत घिऊन जा."

"तुमी बसवणार?"

"व्हय."

"दाजी, उभ्या जन्मात पाना धरलाय काय तुमी?"

"नंदीला ठाव हाय सगळं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला पाने ठाऊक होते, काम ठाऊक नव्हतं. पण अण्णांनी घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "बरं," मामा म्हणाले, "रविवारपतोर. तवर न्हाय निघालं तर मी ओढून नेणार. मग मला अडवायचं न्हाय."

अण्णा म्हणजे सडपातळ, पांढरी टोपी, सकाळी देवळात स्वाध्यायाला बसणारे आणि दिवसा उसाच्या सरीतून चालणारे गृहस्थ. यंत्राशी त्यांचा संबंध बटण दाबण्यापुरता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, धोतर वर खोचलं आणि जीपपुढे उभे राहिले. पंखा चार बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट फिरवायला गेलं की पंख्यासकट सगळंच फिरतं. म्हणून एकानं खालचा पट्टा दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं जोर लावायचा. दादा जोर लावायचा तेव्हा पट्टा मीच धरायची, तेवढं मला येत होतं. मी पट्टा धरला. अण्णांनी जोर लावला. पाना घसरून टण्णकन जमिनीवर पडला आणि त्यांच्या बोटांची सालं निघाली. बोल्टाच्या कडेनं वाळलेला सफेदा दिसत होता, वर धुळीनं काळा झालेला.

आम्ही बोल्टांवर रॉकेल सोडलं. वाट पाहिली. पुन्हा जोर लावला. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरून उसात गेलं. मी आत जाऊन जेवले आणि पुन्हा बाहेर आले. "अण्णा, जेवाय चला की, दिस जाईल." "ह्यो एवढा बघतो," ते म्हणाले. तो एवढा बघेपर्यंत दिवस मावळला. अक्कानं त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि सकाळी त्यातली भाकरी महादूकाकांच्या म्हशीला घातली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग रोजच. सकाळी थोडं दूध आणि दुपारी अर्धी भाकरी, एवढ्यावर अण्णा होते. संध्याकाळी त्यांना भानच राहत नसे, की राहू द्यायचं नसे, ते मला तेव्हा कळलं नाही. नियम मोडून रात्री जेवा असं अक्का म्हणणार नव्हती, आणि दिवस असताना हाक मारायला तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. मी उभी असे तिथून मला दोघंही दिसत. खिडकीच्या आत, पितळी डब्यांवरच्या उन्हाजवळ उभी असलेली ती, बाहेर इंजिनात वाकलेले ते.

महादूकाका कुंपणावरून ओरडले, "अण्णा, तुमच्या घरच्या भाकरीवर म्हस माजली की हो आमची! जरा तुमीबी जेवा." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांना जमेल तेवढा खाली आणून, म्हणाले, "उद्यमनगरातनं गॅस कटरवाला आणतो माझ्या वळखीचा. दोन मिंटात कापून देईल."

"कापायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "त्यानं आवळलंय. ते सोडवायचं. मोडायचं न्हाय."

काका स्वतःच कुंपण ओलांडून आले, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून तो लांब केला आणि अण्णांच्या हाताशेजारी हात ठेवून जोर लावला. पहिला बोल्ट तेव्हा कर्रर्र करत हलला. इतका मोठा आवाज झाला की घरात काहीतरी पडलं असं मला वाटलं. अक्काच्या हातून खरंच काहीतरी पडलं होतं.

शनिवारी दुपारपर्यंत चारही बोल्ट निघाले आणि तरी पंखा हलला नाही. मधल्या उंचवट्यावर तो सफेद्यात घट्ट बसला होता. अण्णांनी मागून लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं ठोकलं, उजवीकडे, डावीकडे. एक पातं वाकलं. ते थांबले. त्यांनी वाकलेल्या पात्यावरून हात फिरवला आणि मग पेंडीच्या पोत्यावर, माझ्या नेहमीच्या जागेवर, बसले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. "राहू दे नंदे," ते म्हणाले. "उद्या येऊ दे मामाला." त्यांच्या मागे ऊन उसाच्या तुऱ्यांपर्यंत खाली आलं होतं. मी उगाचच पाने मापाप्रमाणे ओळीनं लावत बसले.

मागच्या दाराची कडी वाजली.

अक्का दारात उभी होती. पदर खोचलेला, हातात बंबातल्या कढत पाण्याची बादली. ती सरळ जीपपाशी आली. तिनं इंजिनात वाकून पाहिलं, चुलीवरचं काही शिजलंय का बघावं तसं.

"हात काढा," ती अण्णांना म्हणाली.

"अगं, लांब हो. काळं लागंल."

"लागू दे. पाइप निघंना झाला की त्यो माझ्याकडनं पाणी तापवून न्यायचा. म्हायती न्हाय तुमास्नी?"

"तू बोललीस कुठं इतक्या दिसांत?"

"तुमी जेवलाय कुठं?" अक्का म्हणाली. "दिस हाय अजून. ह्यो एकदा निघू दे आणि जेवा. मी ओततो, तुमी ठोका. नंदे, खालनं हात धर."

तिनं तांब्यानं पाणी घेतलं आणि पंख्याच्या मधोमध बारीक धार सोडली. वाफ वर आली, आणि वाफेबरोबर जवसाच्या तेलाचा वास. नदीवरून आलेल्या दादाच्या सदऱ्याला यायचा तोच. आम्ही तिघांनी तो ओळखला. एक तांब्या, दुसरा तांब्या. "आता," अक्का म्हणायची, आणि अण्णा ठोकायचे. "हळू. पुन्हा." बादली निम्मी झाली असेल तेव्हा पंखा केसभर सरकला. मग बोटभर. मग एकदम सगळा भार माझ्या हातांवर आला आणि मी तो पोटाशी धरून मागे बसले. कढत आणि ओला होता तो, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलका.

पुढे मी ग्रंथालयात नोकरी केली. जुन्या पुस्तकांच्या पाठीला लावलेली खळ अशीच असते. ओढली तर पान फाटतं. कोमट ओलावा द्यायचा आणि थांबायचं. नवीन आलेल्या मुलींना हे शिकवताना मी दरवेळी सांगायचं ठरवायची, की हे मला कुणी शिकवलं. कधी सांगितलं नाही.

पंखा निघाला त्या जागी, मधल्या उंचवट्याभोवती, सफेद्याची जाड कडी होती. बाहेरून काळी, पण आता तुटली होती तिथं आतून पांढरीशुभ्र. त्या पांढऱ्यात सूत गुंडाळलेलं होतं. नदीवर पाइपांना वापरतात तो ताग नव्हता. अक्कानं वाकून बघितलं. नखानं एक टोक सोडवलं आणि हळूहळू ओढून हातभर लांब केलं. तिनं ते दोन बोटांत धरून उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं.

"ह्यो माझा पीळ हाय," ती म्हणाली.

अण्णा हातोडी खाली ठेवून जवळ आले.

"देवाच्या वातीचं सूत हाय हे. देवघरातला गुंडा अर्धा झालता, आणि म्या नंदीला बोल लावला. दोन दिस बोललो न्हाय तिच्यासंगं. आणि ह्यो..." तिला हसू आलं. "चोरटं! देवाचं सूत जीपला गुंडाळलंन! आणि माझ्यासमोर बसून जेवत हुतं की गं, गप गप, साळसूदावानी!"

मलाही हसू आलं, कारण मला ते दोन दिवस आठवले. दादा माझ्या ताटात हळूच काकवी वाढत होता आणि तो असं का करतोय ते मला कळत नव्हतं. अक्का हसत होती, पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, आणि मग ते हसणं थांबलं पण खांदे हलायचे थांबले नाहीत. ती जीपच्या चाकाला टेकून खाली बसली. तिच्या घशातून जो आवाज आला तो मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. गोठ्यातल्या म्हशी दावी ओढायला लागल्या. महादूकाका कुंपणापर्यंत आले, थांबले, आणि परत फिरले. अण्णा तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. काळे हात तिच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून त्यांनी ते दोन्ही बाजूंना लांब धरले होते. तिनं त्यातला एक ओढून आपल्या कपाळाशी घेतला.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि पश्चिमेकडे पाहिलं. लालसर झालेला सूर्य अजून उसाच्या वर होता. "हाय अजून," ती म्हणाली. "उठा. हात धुवा. नंदे, ताटं घे."

त्या संध्याकाळी आम्ही भराभर जेवलो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि महादूकाकांकडचं दही. कितीही चोळलं तरी आमच्या हातांचा रॉकेलचा वास गेला नव्हता आणि अक्कानं त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ती वाढत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि अण्णांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा पळी मी तिच्या हातातून घेतली. तिच्या कपाळावर अण्णांच्या बोटांचे काळे डाग तसेच होते.

रविवारी मामा ट्रॅक्टर घेऊन आले आणि निघालेला पंखा बघून आधी अंगणात उभे राहून शिट्टीच घातली. नवा पंप त्यांनी आणि अण्णांनी मिळून बसवला. वाकलेलं पातं मामांनी ठोकून सरळ केलं. पंखा परत लावताना अण्णांनी फळीवरून सफेद्याचा डबा काढला. मामा म्हणाले, "दाजी, आता नगं. पुढं कुणाला तरी काढाय लागंल." अण्णांनी डबा हातात धरून थोडा विचार केला आणि परत जागेवर ठेवला. दुपारी इंजिन चालू झालं. आवाज ऐकून अक्का मागच्या दारात आली. घरात गाडी चालवणारं कुणी उरलं नव्हतं आणि अण्णांनी शब्द दिला होता, त्यामुळे मामा जीपमध्ये बसले, त्यांचा गडी ट्रॅक्टरवर, आणि दोन्ही गाड्या एकामागून एक गेल्या. हायवेला लागून आवाज मिटेपर्यंत अक्का उभी होती. मग ती चिपाडं घेऊन त्याच दारानं आत आली.

ते सूत तिनं कुठं ठेवलं, की ठेवलंच नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. जीप मामांकडे कागलला काही वर्षं चालली, पुढं तिचं काय झालं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. महादूकाकांच्या मुलांनी गोठा मोडून दुकानगाळे काढले. शेड मी उतरवली. अण्णा गेले, त्यांच्यानंतर अक्का गेली, गेल्या पावसाळ्यात मामा गेले. अजितला पाहिलेलं आमच्या घरातलं माणूस आता मी एकटीच आहे.